आधी मुलीची फाइल उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. तुम्ही फिजिओथेरपिस्ट, वय 33. शहर लहान, तुमच्याखेरीज हे काम करणारा आणखी एकच जण. आठ वर्षांची एक मुलगी झोपाळ्यावरून पडली, कोपराच्या वर हाड मोडलं, तारा घालून बसवलं आणि तारा काढल्यावर कोपर आखडलं म्हणून तुमच्याकडे आली. अडीच महिने झाले, आठवड्यातून तीन दिवस येते. आणतात तिचे वडील, आणि तेच तिला एकट्यानं सांभाळतात. आई जाऊन तीन वर्षं झालीत. आता तुम्हाला त्यांची वाट बघायची सवय लागलीय आणि त्यांच्याही मनात तसंच काही असावं असा तुमचा अंदाज आहे. गेल्या आठवड्यात मुलीनं तुम्हाला एक चित्र दिलं, त्यात तिघं हात धरून उभी आहेत. तुम्ही विचारलंय की उपचार संपेपर्यंत गप्प बसू की आत्ताच बोलू? आणि पेशंट मुलगी आहे, वडील नव्हेत, मग यात चुकतं कुठे?

हे प्रेम आहे का, ते मला इथून कळणार नाही. तुम्हालाही आत्ता कळणार नाही. का, ते पुढे सांगते. पण तुमच्या मजकुरातल्या एका आकड्यापाशी मी थांबले. आठवड्यातून तीनदा, अडीच महिने. म्हणजे तीसेक सिटिंग. एका आठ वर्षांच्या पोरीच्या कोपरासाठी?

मुलांच्या कोपराजवळचं हे सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर. हात टेकवून पडलं की होतं, पाच ते सात या वयात सर्वांत जास्त. तुम्ही टाइप 3 लिहिलंय, म्हणजे तुकडे पार सरकलेले होते. तेव्हा सुरुवातीची तुमची काळजी रास्तच होती. तारा तीन-चार आठवड्यांनी निघतात आणि त्या दिवशी कोपर लाकडासारखं असतं. पालक घाबरतात. पण मुलांचं कोपर मोठ्यांच्या कोपरासारखं वागत नाही. पोर खेळायला लागलं, केस बांधायला लागलं, दप्तर उचलायला लागलं की ते आपापलं सुटत जातं. आधी भराभर, मग शेवटचे काही अंश रेंगाळत, कधीकधी वर्षभरसुद्धा. आपण जोर लावून ताणायला गेलो तर उलटंच होतं: मूल हात आवळून धरतं, आणि स्नायूत हाड धरण्याची भीती असते ती वेगळीच. हे तुम्हाला मी शिकवायला नको.

तुम्ही ओघात लिहून गेलात की आता तिचं कोपर 10 ते 135 अंशांपर्यंत येतंय (0 म्हणजे हात पूर्ण सरळ). रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 एवढा पट्टा पुरतो, हे 1981 पासून आपल्या क्षेत्रात प्रमाण धरलं जातं. तुमची मुलगी त्याच्या पलीकडे गेलीय. बोटांत ताकद आहे, मुंग्या नाहीत, कोपराचा आकार सरळ आहे असंही तुम्ही म्हणता. मग 'उपचार संपेपर्यंत थांबू का' या प्रश्नाचं मी काय उत्तर देणार? उपचार संपलेत. माझ्या हिशेबानं महिनाभरापूर्वीच.

रागावू नका. हे मी वरून बोट दाखवून बोलत नाहीये, माझीच एक फाइल आठवून बोलतेय.

माझ्या प्रॅक्टिसला आता 26 वर्षं झाली. चौथ्या की पाचव्या वर्षी माझ्याकडे गुडघ्याचा एक पेशंट होता, लिगामेंटचं ऑपरेशन झालेला. बायको सोडून गेलेली, घरात एक लहान मुलगा. या ऑपरेशननंतरचं काम लांबलचक असतं, खेळाला परतायला नऊ महिने तरी जातात, त्यामुळे तो बराच काळ येत राहिला यात कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. तो यायचा त्या दिवशी मी टेबलावरची चादर स्वतः बदलायचे. एवढंच. बाकी काही घडलं नाही, काही बोललंही गेलं नाही. एका दुपारी आमच्या वरिष्ठ बाई फाइली चाळत बसल्या होत्या. त्याची फाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हा माणूस बरा होऊन दीड महिना झाला. येतो कशाला?" मी म्हटलं, तोल अजून थोडा कच्चा आहे. त्यांनी पान उलटलं. तोलाच्या तिन्ही चाचण्या मीच केलेल्या होत्या, माझ्याच अक्षरात, आणि तिन्ही उत्तम. खाली मीच लिहिलं होतं, 'आणखी चार सिटिंग'.

मन काय म्हणतंय ते कळायच्या आधी हाताला कळलेलं असतं, आणि हात ते फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. सिटिंग वीस मिनिटांचं चाळीस होतं. त्यांची वेळ दिवसातली शेवटची ठेवली जाते, म्हणजे मागून कुणी यायचं नाही. मोजमाप दर आठवड्याला घ्यायचं ते पंधरवड्यावर जातं, कारण मोजलं तर आकडा 'पुरे झालं' असं सांगेल. म्हणून तुम्हाला पहिली विनंती: आज रात्री त्या मुलीची फाइल काढा आणि ती तुमच्या हाताखालच्या एखाद्या मुलीनं लिहिलीय असं समजून वाचा.

आता 'पेशंट मुलगी आहे, वडील नव्हेत' हे. आपल्या क्षेत्रात पेशंटशी संबंध नको, हे पक्कं आहे. त्यावर कुणी वाद घालत नाही. पालकांचं काय, तिथे बरेच जण गडबडतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत डॉक्टर आणि पेशंट यांच्या संबंधांबद्दल एक कलम आहे, आणि पेशंटचा जोडीदार, आईवडील, पालक अशा माणसांबद्दल दुसरं, वेगळं कलम आहे. वेगळं करावं लागलं, कारण सगळ्यांना नेमकी हीच पळवाट सुचते. तुमच्या कौन्सिलचे नियम काय आहेत ते तुम्ही काढून वाचा, ते देशागणिक बदलतात. पण नियम बाजूला ठेवला तरी विचार करा. उपचाराला संमती कोण देतो? वडील. सिटिंग वाढवायचं की थांबवायचं हे तुम्ही कुणाला सांगता? वडिलांना. 'अजून दोन आठवडे येऊ या' असं तुम्ही म्हटलंत तर ते ऐकणार, कारण त्यांना अंश मोजता येत नाहीत. आणि मुलीला तर थेरपिस्ट बदलायचं स्वातंत्र्यच नाही. तिघांत सर्वांत कमी माहिती तिच्याकडे, आणि हात तिचाच.

मोठा माणूस पेशंट असता तर निदान तो उठून जाऊ शकला असता.

आता प्रेमाचं. तुम्हाला आत्ता कळणार नाही असं मी का म्हटलं? उपचाराच्या खोलीत माणसं जशी असतात तशी ती बाहेर नसतात. दुखण्यातून बाहेर काढणाऱ्या माणसाकडे मन ओढलं जातं, ही गोष्ट मानसोपचारवाल्यांनी फार आधी हेरली; फ्रॉइडनं 1915 साली त्यावर स्वतंत्र लेखच लिहिला. त्यांच्या धंद्यात ते शिकवतात, आपल्यात फारसं शिकवत नाहीत, आणि स्पर्श मात्र आपणच करतो.

या गृहस्थांच्या जागी बसून बघा. तीन वर्षं मुलीचं सगळं एकट्याच्या अंगावर. ताप आला की एकटाच जागा, शाळेतून फोन आला की एकटाच पळणार. त्यात मुलगी पडली, आणि तेव्हा आपण तिथे नव्हतो ही टोचणी. मग आठवड्यातून तीनदा असा अर्धा तास मिळतो, ज्यात दुसरं एक मोठं माणूस त्यांच्या मुलीकडे मनापासून लक्ष देतंय आणि त्यांना फक्त कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचंय. खांदे खाली येतात. त्या सुटकेला ते काय नाव देतील? आणि तुम्हाला ते कसे दिसतात, तर पोरीबरोबर 'सात, आठ, नऊ' मोजणारे, ती दहाला पोचली की तिच्यापेक्षा जास्त खूश होणारे. असा बाप कुणालाही आवडेल. पण हा त्यांचा आठवड्यातला सर्वांत चांगला अर्धा तास आहे. सकाळी बूट सापडत नाही, रिक्षा उभी आहे आणि पोरगी रडतेय तेव्हा ते कसे असतात, ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुमचंही तेच. खोलीत तुम्ही शांत, समजूतदार आणि सगळं ठाऊक असलेल्या. तसं राहणं हे तुमचं काम आहे.

माझ्या त्या गुडघेवाल्याचं पुढे काय झालं? वरिष्ठ बाईंनी फाइल दाखवली त्याच आठवड्यात मी त्याला डिस्चार्ज दिला. तो दारात थांबेल, काहीतरी बोलेल अशी माझी कल्पना. त्यानं मनापासून आभार मानले, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला, आणि पुन्हा कधी आला नाही. त्याला बरं व्हायचं होतं, तो बरा झाला. मला वाईट वाटलं. पण दीड महिना आपण फुकटचा ओढला याची लाज त्याहून जास्त वाटली. तुमचंही असंच होईल असं मी म्हणत नाही. माझ्याच क्लिनिकमधल्या एका सहकारणीचं अगदी उलटं झालं, ती गोष्ट पुढे येतेच.

पण मला खरी काळजी मुलीची आहे.

पूर्वी आम्ही खालच्या मजल्यावर होतो, खिडकीतून समोरचं पटांगण दिसायचं. मनगट मोडलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा, नऊ-दहा वर्षांचा. खोलीत आला की हात पोटाशी धरून, चेहरा करून. "दुखतंय." एक दिवस मी खिडकीशी उभी होते, तो आपली वेळ यायची वाट बघत पटांगणात होता. त्याच हातानं दुसऱ्या पोरांना चेंडू फेकून मारत होता, पार त्या टोकाच्या भिंतीपर्यंत. मी हाक मारली. तो वळला, मला पाहिलं, आणि हात हळूच पोटाशी गेला. लबाडी नव्हती त्यात. त्याला एवढंच कळलं होतं की मनगट दुखतंय तोवर आजी त्याला घेऊन येते, येता-जाता त्याचं ऐकते आणि इथे एक बाई त्याच्याशी खेळते. मनगट बरं झालं की हे सगळं बंद.

तुमच्या मुलीनं चित्रात तिघं काढलीत. ती आठ वर्षांची आहे, तिला आई नाही, आणि तिला दिसतंय की तिचं कोपर आखडलेलं आहे म्हणून बाबा हसतात. शेवटचे दहा अंश ती कशाला सोडेल? अशा घरातलं मूल आधीच बापाच्या मूडवर डोळा ठेवून असतं. उद्या तुमचं आणि त्यांचं जमलं नाही, तर तिच्या लेखी दुसरी बाईही गेली, आणि तीसुद्धा आपला हात बरा झाला म्हणून. तिचं कोपर हे तुमच्या दोघांच्या भेटीचं कारण उरता कामा नये.

तर करायचं काय? माझ्या मते क्रम असा. पुढच्या सिटिंगला नीट मोजमाप घ्या, दोन्ही हातांचं, आणि लिहा. घरी करायच्या गोष्टी सांगा, त्याही खेळाच्या: दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू फेकणं, भिंतीवर हात चढवत नेणं, स्वतःची वेणी स्वतः घालणं. सर्जनला एक पत्र द्या, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघावं म्हणून. मग वडिलांना, मुलीच्या देखत, साध्या आवाजात सांगा, "हिचं काम झालं. आता हिला माझी गरज नाही, खेळायची गरज आहे. राहिलेलं थोडं आपोआप येईल. काही वेगळं वाटलं तर सर्जनना दाखवा." फी बाकी असेल तर तेव्हाच पुरी करून घ्या. आणि त्या दिवशी दुसरं काही बोलू नका. दारातही नाही, रात्री मेसेजवरही नाही. निरोप आणि कबुली एकाच दिवशी आली तर माणसाला वाटतं, उपचार याचसाठी थांबवले. थोडा संशय मुलीच्या मनातही उरतो.

हे सगळं मी सांगतेय कारण तुमची केस संपण्यासारखी आहे. ती तशी नसती तर माझं उत्तर फार कडक झालं असतं. सेरेब्रल पाल्सीचं मूल असतं, वर्षानुवर्षं यायचं असतं, आणि शहरात त्या कामाच्या तुम्ही एकट्याच असता, तर मी म्हटलं असतं की गिळा आणि विसरा. त्या मुलाची थेरपिस्ट हिरावून घेण्याइतकी मोठी तुमची ओढ नाही. आई हयात असती आणि ताब्याचा खटला चालू असता, तरी तेच. तुमच्या नोंदींना आणि सहीला तिथे वेगळा अर्थ आला असता, आणि किंमत त्या बापानं मोजली असती. या मुलीच्या बाबतीतही, पुढच्या मोजमापात काही बिनसलेलं दिसलं, बोटं बधिर आहेत किंवा हात वाकडा दिसतोय, तर सर्जनकडे पाठवा आणि पुढचं काम त्या दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवा. त्याला कारण सांगावं लागेल. "माझी या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख वाढलीय, मी उपचार करणं योग्य नाही." एवढं पुरतं. व्यवसायातला माणूस पुढे विचारत नाही.

मग थांबायचं किती? सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संहितेत पेशंटच्या बाबतीत उपचार संपल्यावर किमान दोन वर्षं म्हटलंय, आणि त्यानंतरही अपवाद म्हणूनच. आपलं काम तितकं मनाच्या आत शिरणारं नाही, आणि इथे माणूस पेशंटचा पालक आहे. माझ्या त्या सहकारणीनं चार महिने काढले. तिचीही गोष्ट अशीच, मुलगा पेशंट आणि बाप एकटा. जाणवलं त्या दिवशी तिनं मला सांगितलं, मी केस माझ्याकडे घेतली. चार महिने ती त्यांच्याशी रस्त्यात भेटल्यावर बोलली तेवढंच. मग त्यांनी फोन केला. पुढे वर्षभर ती त्यांना मुलाविना भेटत होती, मुलाशी ओळख नव्यानं करून दिली ती त्यानंतर. तरी तो पठ्ठ्या पहिल्याच भेटीत म्हणाला, "पण माझा पाय तर बरा आहे." तो चिडलेला नव्हता, खरोखर बुचकळ्यात पडला होता. त्याच्या लेखी ती पाय दुखला की भेटणारी बाई होती. तो गोंधळ निस्तरायला आणखी वर्ष गेलं. आज ते एका घरात आहेत. पण चार महिने म्हणजे जादूचा आकडा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच बघेन की त्या काळात तुम्हाला त्यांची आठवण येते, की त्या स्टुलावर बसणाऱ्या बापाची. आणि ते स्वतःहून वाट काढतात का. काढली नाही तर माझ्या गुडघेवाल्याची आठवण ठेवा.

लहान गावाची तुम्हाला धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. मोठ्या शहरात डिस्चार्ज दिलेला माणूस गर्दीत नाहीसा होतो. तुम्हाला ते शाळेच्या फाटकाशी दिसणार, बँकेच्या रांगेत दिसणार, आणि लोक तुम्हा दोघांकडे बघणार. 'लोक काय म्हणतील' याला माझ्याकडे औषध नाही. पण लोक एक गोष्ट अचूक करतात: ते तारखा मोजतात. 'पोरगी तिच्याकडे जात होती तेव्हाच सुरू होतं' आणि 'पोरगी बरी झाल्यावर पुढे कधीतरी जमलं' या दोन वाक्यांत तुमच्या क्लिनिकचं भवितव्य आहे. पहिलं वाक्य पसरलं तर पुढची आई मुलाला घेऊन तुमच्याकडे येताना दहादा विचार करेल, आणि तिचं बरोबर असेल. म्हणून डिस्चार्जची तारीख फाइलमध्ये स्पष्ट असू दे, आणि एखाद्या वरिष्ठाला आत्ताच, काही घडायच्या आधी, सगळं सांगून ठेवा. गावात कुणी नसेल तर गावाबाहेरच्या कुणाला. मला सांगितलंत तसंच, पण नाव घेऊन.

आणखी एक. पुढे जमलंच, तर त्या घरातलं कुणीही टेबलावर घ्यायचं नाही हे आत्ताच ठरवा. मुलगी पुन्हा पडेल, मुलं पडतातच. मुलीच्या आजीचे गुडघे दुखत असतील आणि त्या हक्कानं म्हणतील, 'घरचीच डॉक्टर आहे की.' त्या दुसऱ्या थेरपिस्टचा नंबर द्या. सल्ला द्या, गरम पाण्याची पिशवी द्या, फाइल उघडू नका.

राहिलं ते चित्र. तुम्ही विचारलंय, परत देऊ का? नको. आठ वर्षांच्या मुलीनं दिलेलं चित्र परत देत नाहीत. पण घरीही नेऊ नका, आणि टेबलासमोर एकटं लावू नका. तुमच्या भिंतीवर इतर मुलांची चित्रं असतील, सगळ्यांच्याच असतात. त्यांच्यात लावा. तिला विचारा, कुठे लावू? ती बहुतेक वरची जागा दाखवेल. मग तिलाच स्टुलावर चढवा आणि चिकटपट्टी तिच्या हातात द्या, त्याच हातात. कोपर किती सरळ होतं ते तेव्हा दिसेलच.